जुन्या लॅपटॉपला नेटवर्क कार्ड जोडताना



कपाटात आठ-दहा वर्षे पडून असलेला लॅपटॉप एखाद्या दिवशी बाहेर काढला जातो. कळफलक शाबूत असतो, पडदा उजळतो, जुनी पत्रे आणि छायाचित्रे जशीच्या तशी सापडतात. घोडे अडते ते एकाच ठिकाणी : घरातील वाय-फायशी त्याचे सूत जुळत नाही. आतील नेटवर्क कार्ड निकामी झालेले असते, किंवा ते इतके जुने असते की आजच्या राउटरची भाषा त्याला कळत नाही. काही यंत्रांत तर असे कार्ड मुळात बसविलेलेच नसते.

अशा यंत्राला नवे किंवा वापरलेले नेटवर्क कार्ड जोडून पुन्हा उपयोगात आणता येते. काम अवघड नाही; मात्र त्याचा क्रम चुकला तर पैसे वाया जातात. पुष्कळजण आधी कार्ड विकत घेतात आणि ते कोठे बसवावे याचा विचार नंतर करतात. वस्तुतः खरेदीपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे हाती असावीत. लॅपटॉपला कोणता स्लॉट आहे? त्या कार्डाचा ड्रायव्हर आपल्या कार्यप्रणालीसाठी मिळतो काय? आणि घरातील राउटरला जे सांकेतिक कुलूप लावले आहे, ते या कार्डाला उघडता येते काय? यांतील तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. परंतु घरातील सर्वांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.

१. स्लॉट कसा ओळखावा

लॅपटॉपच्या डाव्या किंवा उजव्या कडेला सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीची सपाट फट असेल, तर तो बहुधा पीसी कार्ड स्लॉट होय. पीसीएमसीआयए या संघटनेची स्थापना १९८९ मध्ये झाली व तिने हे मानक घडविले. त्यामुळे जुने दुकानदार या कार्डाला आजही त्याच नावाने ओळखतात. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर व रुंदी ५४ मिलिमीटर असते. जाडीनुसार त्याचे तीन प्रकार पडतात : पहिला ३.३, दुसरा ५ आणि तिसरा १०.५ मिलिमीटरचा. नेटवर्क कार्डे बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात. आत ६८ टाचण्यांची जोडणी असते.

बाहेरून सारखी दिसणारी ही कार्डे आतून मात्र दोन वेगळ्या पिढ्यांची आहेत. पहिली पिढी १६ बिटांची. दुसरी ३२ बिटांची; तिला कार्डबस म्हणतात आणि ती १९९५ च्या मानकाबरोबर आली. कार्डबस कार्डाच्या जोडणीच्या टोकाला सोनेरी रंगाची, बारीक उंचवटे असलेली धातूची पट्टी असते; हीच तिची खूण. कार्डबसच्या स्लॉटमध्ये १६ बिटांचे जुने कार्ड चालते. पण केवळ १६ बिटांच्या स्लॉटमध्ये कार्डबस कार्ड चालत नाही. कार्डाच्या कडेची खाचच त्याला पूर्ण आत जाऊ देत नाही. अशा वेळी जोर लावू नये. आतील टाचण्या एकदा वाकल्या की स्लॉट कायमचा निकामी होतो. आपला स्लॉट कोणत्या पिढीचा आहे हे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहावे. तेथे पीसीएमसीआयए या शीर्षकाखाली 'कार्डबस कंट्रोलर' असे नाव दिसले, तर शंका उरत नाही.

२००३ मध्ये एक्स्प्रेसकार्ड हा नवा प्रकार जाहीर झाला आणि पुढील काही वर्षांत त्याने पीसी कार्डाची जागा घेतली. ही कार्डे ३४ किंवा ५४ मिलिमीटर रुंदीची असतात व त्यांना २६ टाचण्यांची जोडणी असते. रुंदी सारखी दिसली तरी पीसी कार्ड आणि एक्स्प्रेसकार्ड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खरेदीतील सर्वांत नेहमीची चूक हीच होय.

काही कार्डांची जागा यंत्राच्या पोटात असते. साधारणपणे २००५ पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय कार्ड आढळते. ते जवळजवळ चौकोनी, सुमारे ६० बाय ५१ मिलिमीटरचे असते. बिनतारी कार्डांच्या नेहमीच्या प्रकाराला १२४ संपर्कबिंदू असतात. त्यानंतरच्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड येते. त्याची रुंदी ३० मिलिमीटर, लांबी सुमारे ५१ मिलिमीटर आणि संपर्कबिंदू ५२. त्याचे निम्म्या लांबीचे रूपही पुढे प्रचारात आले. अधिक अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एम.२ हा लहान प्रकार असतो. या तिघांतही अदलाबदल होत नाही.

२. कोणते कार्ड घ्यावे

तारेच्या जोडणीसाठी इथरनेट कार्ड घ्यावे. १६ बिटांचे कार्ड १० मेगाबिट वेगाला पुरेसे आहे, १०० मेगाबिट वेगाला ते पूर्ण न्याय देऊ शकत नाही. कार्डबस स्लॉट असल्यास १०० मेगाबिटचे कार्ड निर्धास्तपणे घ्यावे. वापरलेले इथरनेट पीसी कार्ड घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. पाच मिलिमीटर जाडीच्या कार्डात तारेचे नेहमीचे टोक मावत नाही. म्हणून अनेक कार्डांबरोबर एक आखूड जोडतार येते, तिला डोंगल म्हणतात. एका कंपनीची डोंगल दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला सहसा लागत नाही. डोंगल हरवलेले कार्ड स्वस्तात मिळाले, तरी ते निरुपयोगीच समजावे.

बिनतारी कार्डावर इंग्रजी अक्षरांत ८०२.११ ही संख्या आणि तिच्यापुढे एखादे अक्षर छापलेले असते. १९९९ चे 'बी' ११ मेगाबिट वेगाचे, २००३ चे 'जी' ५४ मेगाबिटचे. २००९ मध्ये मान्य झालेले 'एन' त्याहून कितीतरी वेगवान. भारतात २.४ गिगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्यानंतर घरोघरी वाय-फायचा प्रसार झाला. आज कार्ड घ्यायचे तर 'एन' प्रकारचे घ्यावे, निदान 'जी' तरी असावे. 'बी' प्रकारचे कार्ड कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. याचे कारण केवळ वेग नव्हे. ते पुढील भागात येईल.

यंत्राला यूएसबी २.० असेल तर यूएसबी वाय-फाय अडॅप्टर हाही सोपा मार्ग आहे. यूएसबी २.० हे मानक २००० साली आले. त्याचा वेग ४८० मेगाबिट. त्याआधीच्या यूएसबी १.१ चा वेग अवघा १२ मेगाबिट असल्याने तेथे कार्डबस कार्डच बरे.

३. कुलूप आणि किल्ली

राउटरपासून लॅपटॉपपर्यंत जाणारा मजकूर हवेतून जातो. तो वाटेत कोणी वाचू नये म्हणून त्याला सांकेतिक कुलूप घालतात. पहिले कुलूप डब्ल्यूईपी, १९९७ चे. त्यातील मूलभूत दोष २००१ मध्ये संशोधकांनी उघड केला आणि आज साध्या साधनांनी काही मिनिटांत ते फोडता येते. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले. मार्च २००६ पासून वाय-फाय प्रमाणपत्रासाठी डब्ल्यूपीए२ अनिवार्य झाले. त्यामुळे त्यानंतर प्रमाणित झालेल्या कार्डाला हे कुलूप उघडता येते, असे मानण्यास हरकत नाही.

'बी' प्रकारच्या बहुतेक कार्डांना डब्ल्यूपीए२ पेलत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवितो, "राउटरवरचे कुलूप खाली आणा, डब्ल्यूईपी ठेवा, लॅपटॉप लगेच जोडला जाईल." जोडला जाईल हे खरे, परंतु त्याच क्षणी घरातील प्रत्येक फोन आणि प्रत्येक संगणक त्याच मोडक्या कुलपाच्या आधाराने वावरू लागेल. त्याच राउटरवरून कोणी बँकेचे व्यवहार करीत असेल, कोणी शाळेची कामे करीत असेल. एका पाहुण्याची किल्ली लागत नाही म्हणून घराची कडी काढून ठेवणे शहाणपणाचे नाही. कार्डाला कुलपाच्या योग्यतेचे करावे, कुलूप कार्डाच्या योग्यतेवर आणू नये. हा या लेखातील मुख्य नियम समजावा.

राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ ठेवले असेल तर जुने कार्ड जोडले जाणार नाही. त्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क सुरू करावे, त्याला एईएस पद्धतीचे डब्ल्यूपीए२ कुलूप लावावे आणि जुना लॅपटॉप त्यावरच ठेवावा. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडू नये. ती दुर्बल तर आहेच, शिवाय तिच्यामुळे 'एन' कार्डाचा वेगही ५४ मेगाबिटवर येतो.

४. कार्ड बसविणे

बाहेरील स्लॉटमध्ये कार्ड बसविण्यास पेचकस लागत नाही. कार्डाबरोबर सीडी असल्यास तिच्यावरील सूचना आधी वाचावी. अनेक कार्डांच्या बाबतीत आधी ड्रायव्हर आणि मग कार्ड असा क्रम असतो. स्लॉटमधील प्लॅस्टिकचे खोटे कार्ड काढावे. नंतर छापील बाजू वर ठेवून खरे कार्ड सरळ आत सरकवावे. शेवटी किंचित अडथळा लागतो. तेथे सौम्य दाब द्यावा. काढताना आधी विंडोजच्या खालच्या पट्टीतील 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' या चिन्हावरून कार्ड थांबवावे, मग शेजारचे बटण दाबावे.

आतील कार्ड बदलणे थोडे नाजूक काम आहे. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरीही काढून ठेवावी. हाताने एखादी जमिनीशी जोडलेली धातूची वस्तू स्पर्शून अंगातील स्थिर वीज घालवावी. काही यंत्रांत तळाचे झाकण उघडताच कार्ड दिसते; काहींत कळफलक आणि हात टेकविण्याचा भाग काढावा लागतो. कार्डाला दोन बारीक अँटेना-तारा जोडलेल्या असतात. त्या काढण्यापूर्वी फोनवर एक छायाचित्र घेऊन ठेवावे. अनेक कार्डांवर मुख्य अँटेनाच्या जागी पांढरा आणि साहाय्यक अँटेनाच्या जागी काळा त्रिकोण असतो. तारेचे टोक सरळ वर उचलावे, तार धरून ओढू नये. नवे कार्ड तिरके घालून खाली दाबावे, म्हणजे ते कडांच्या पकडीत किंवा स्क्रूवर बसते. तारा जोडायच्या राहिल्या तर कार्ड दिसेल, पण राउटर शेजारच्या खोलीत असला तरी त्याचा संकेत मिळणार नाही.

येथे एक विशेष अडचण सांगणे आवश्यक आहे. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमधील बायॉस केवळ ठरावीक कार्डेच स्वीकारतो. २००४ मधील थिंकपॅड टी ४२ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात मान्य यादीबाहेरचे मिनी पीसीआय कार्ड बसविले, तर यंत्र सुरू होतानाच पडद्यावर '१८०२' हा त्रुटी क्रमांक येतो व काम तेथेच थांबते. कार्ड बिघडलेले नसते. त्याला प्रवेश नाकारलेला असतो. अशा यंत्रासाठी कंपनीच्या यादीतीलच कार्ड शोधावे, किंवा सरळ बाहेरील कार्डबस स्लॉट वापरावा, कारण ही बंदी तेथे लागू होत नाही. म्हणून आतील कार्ड मागविण्यापूर्वी आपल्या यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका पाहणे हिताचे.

५. ड्रायव्हर

कार्ड हा हात असेल, तर ड्रायव्हर त्याला हालविणारी नस होय. विंडोजने कार्ड ओळखले नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यापुढे पिवळे चिन्ह दिसते. त्यावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'डिटेल्स' उघडावे. तेथे 'व्हेन' या अक्षरांनंतर चार अंकाक्षरे असतात. तो कार्डावरील चिप बनविणाऱ्याचा क्रमांक होय. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. 'डेव्ह' नंतरची चार अंकाक्षरे त्या चिपचा नमुना सांगतात. वेष्टनावरील नावापेक्षा हे दोन क्रमांक अधिक भरवशाचे असतात. कारण एकाच नावाच्या कार्डात कंपन्या पुढे चिप बदलतात. या क्रमांकांवरून ड्रायव्हर शोधावा आणि तो शक्यतो लॅपटॉप किंवा चिपच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका टिचकीत' असे आमिष दाखविणाऱ्या ठिकाणांपासून दूर राहावे.

लॅपटॉप महाजालाशी जोडलेला नसताना ड्रायव्हर उतरवून घेणार कसा, हा प्रश्न हमखास येतो. तो दुसऱ्या संगणकावर उतरवावा आणि पेनड्राइव्हने आणावा. यंत्राला तारेचे इथरनेट असल्यास एक तार राउटरला लावून काम भागते.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर आधीच असतात. मात्र इंटेल २२००बीजीसारख्या अनेक कार्डांना फर्मवेअर नावाची वेगळी फाइलही लागते. २०२३ मधील डेबियन १२ पासून ती स्थापनेच्या प्रतीतच समाविष्ट आहे. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी स्थापनेची प्रत देणारी डेबियनची ही शेवटची आवृत्ती. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ती सोय राहिली नाही. कोअर २ डुओ आणि त्यानंतरची बहुतेक यंत्रे ६४ बिटांची असल्याने त्यांना ही अडचण येत नाही.

६. जोडणी आणि तपासणी

ड्रायव्हर बसल्यावर नेटवर्कच्या यादीतून आपल्या राउटरचे नाव निवडावे आणि पासवर्ड द्यावा. विंडोज एक्सपीमध्ये डब्ल्यूपीए२ चा पर्याय दिसत नसेल, तर २००८ चा सर्व्हिस पॅक ३ बसविलेला नाही असे समजावे. आयपी पत्ता आपोआप मिळू द्यावा. तो हाताने भरण्याची घरी गरज नसते.

जोडणी झाली की नाही हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा सर्व ठीक आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी पासवर्ड पुन्हा तपासावा व राउटर एकदा बंद करून सुरू करावा.

७. अडल्यास काय पाहावे

कार्ड दिसते, पण एकही नेटवर्क दिसत नाही : लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला बिनतारी जोडणीचा लहान सरकता स्विच असतो, तो बंद असू शकतो. काही यंत्रांत एफएन कळीबरोबर दुसरी कळ दाबावी लागते.

शेजाऱ्यांची नेटवर्के दिसतात, आपले मात्र नाही : राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर असावा. अमेरिकेसाठी बनविलेल्या कार्डांना या वाहिन्या दिसत नाहीत. राउटरवर १, ६ किंवा ११ ही वाहिनी ठरवून द्यावी. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर 'बी' किंवा 'जी' कार्डाला तो दिसणारच नाही, २.४ गिगाहर्ट्झ सुरू करावे. काही जुन्या इंटेल कार्डांना वाय-फाय ६ राउटरचे नाव ड्रायव्हर नवा केल्याशिवाय दिसत नाही.

यूएसबी अडॅप्टर सीडीसारखा दिसतो : काही अडॅप्टर प्रथम स्वतःमधील ड्रायव्हरची सीडी पुढे करतात. ड्रायव्हर बसविल्यावर किंवा ती सीडी 'इजेक्ट' केल्यावर ते कार्डाच्या रूपात प्रकट होतात.

जोडणी झाली, तरी संकेतस्थळे सुरक्षिततेची सूचना देऊन उघडत नाहीत : यंत्राची तारीख पाहावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लॅपटॉपमधील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ मागे गेलेले असते. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर चालतात. तारीख सुधारताच पुष्कळदा सर्व सुरळीत होते.

८. जोडण्याआधीचा शेवटचा विचार

कार्ड लागले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले असे नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एक्सपीवर बँकेचे व्यवहार करू नयेत; पासवर्ड व कागदपत्रांच्या प्रती ठेवू नयेत. अशा यंत्रावर आजची लिनक्स प्रणाली बसवावी. ते शक्य नसेल तर त्याला महाजालापासून दूर ठेवून लेखनासाठी आणि जुन्या फाइली पाहण्यासाठी वापरावे. कार्ड बसविण्यापूर्वी जुन्या छायाचित्रांची आणि पत्रांची एक प्रत बाहेर काढून ठेवावी, हे तर सांगावयास नकोच.

एवढे करूनही यंत्र साथ देईनासे झाले, तर ते कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी यंत्रे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यांकडे जाणे अपेक्षित आहे. देण्यापूर्वी हार्ड डिस्क पुसावी अथवा काढून घ्यावी.

परंतु ती वेळ बहुधा लवकर येत नाही. स्लॉट पाहून, ड्रायव्हरची खात्री करून आणि कुलूप न मोडता बसविलेले एक साधे कार्ड त्या यंत्राला आणखी काही वर्षे कामाचे ठेवते. घरातील एखाद्या मुलाला धडे वाचण्यासाठी किंवा आजोबांना परदेशातील लेकीचे पत्र वाचण्यासाठी तेवढे पुरेसे असते.